जाऊ दे, येऊ दे

"वहिनी, जोडीदाराचं नाव सांगा. संध्याकाळी सामन्यांच्या जोड्या पाडायच्यात."

फोन मी कान आणि खांद्याच्या मधे धरला होता. एका हातावर मनू, दुसऱ्या हातात नाचणीच्या खिरीची पळी. मनू पळीकडे झेपावत होती आणि पॅडल क्लबचा अभय पलीकडून घाई करत होता.

"अरे, प्राचीचा हात मोडलाय," मी म्हटलं. "स्कूटरवरून पडली."

"ते कळलं मला. मग दुसरं कोण?"

दुसरं कोण असणार? मनू झाल्यापासून घराबाहेरच्या जगात माझी ओळख उरली होती ती लशी देणाऱ्या डॉक्टरीणबाईंशी आणि प्राचीशी. कॉलेजात मी विद्यापीठाकडून बॅडमिंटन खेळले होते. कोल्हापुरात हे काचेच्या भिंतींचं नवं कोर्ट झालं तेव्हा प्राचीनेच मला ओढून नेलं होतं. आठवड्यातून दोन सकाळी मी तिथे जायचे आणि तेवढ्या वेळापुरती मी कुणाची तरी आई नसायचे. आता तेही संपलं, असं वाटून गेलं.

"जाऊ दे," मी म्हटलं.

"बरं, बरं, कळलं." त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी क्लबच्या ग्रुपवर जोड्या आल्या. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: केतकी चौगुले आणि वैजयंती चौगुले.

मी दोनदा वाचलं आणि मग कपाळाला हात लावला. गाढवाने 'जाऊ दे' मधलं नेमकं 'जाऊ' ऐकलं होतं. वैजयंती चौगुले म्हणजे वैजूअक्का, माझी थोरली जाऊ. वरच्या मजल्यावर राहायची. आणि आमचं बोलणं दिवाळीपासून बंद होतं.

भांडण आमचं नव्हतंच. भांडण होतं दोघा भावांचं, शिरोलीतल्या कारखान्यावरून. माझा नवरा धैर्यशील म्हणायचा नवी भट्टी घ्यायची, थोरले बाळदादा म्हणायचे आहे ती नीट चालव. एक दिवस आवाज चढले, आणि दिवाळीनंतर वर एक गॅस आणि खाली एक गॅस झाला. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, एक आठवडा वर जेवायच्या आणि एक आठवडा खाली. भाऊ एकमेकांशी बोलेनात, मग आम्ही जावा तरी कुठल्या तोंडाने बोलणार? मनूला खेळवायला अक्का रोज यायची तीही यायची बंद झाली. फेब्रुवारीत अंगणात विटा येऊन पडल्या. फाटकापासून मागच्या नळापर्यंत मधोमध भिंत घालायची ठरली होती.

मी अभयला फोन लावणार, तोच जिन्यावर पावलं वाजली. अक्का दारात उभी होती. अंगावर पंजाबी ड्रेस, पायात पांढरे बूट, बाळदादांनी डॉक्टरांच्या धाकाने फिरायला म्हणून घेतलेले आणि कधीच न घातलेले.

"हे चालतील काय बघ," ती म्हणाली. "पुढं जरा कापसाचा बोळा घालून आलो."

कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल 'मी आले' म्हणत नाहीत, 'मी आलो' म्हणतात. चिपळूणहून लग्न करून आलेल्या मला पहिलं वर्षभर वाटायचं, पलीकडच्या खोलीत कुणी पुरुष बोलतोय. अक्काच्या तोंडचं ते ऐकून मला किती महिने झाले होते, हे मला त्या क्षणी कळलं.

"अक्का, तुम्ही खेळणार?"

"नाव आलंय म्हटल्यावर खेळतो की. कधी जायचं?"

त्या बुटांकडे बघून खरं काय ते माझ्या तोंडून निघेना. "उद्या सकाळी सातला," मी म्हटलं.

पॅडलची रॅकेट जाड असते, तिला जाळी नसते, भोकं असतात. अक्काने ती उलटीपालटी करून बघितली.

"हा तर झारा हाय."

अभय हसला. तोच आम्हाला शिकवायचा. खेळ तसा सोपा. मधे जाळं, टेनिससारखे गुण, दोन्हीकडे दोघं दोघं. फरक एवढाच, की कोर्टाला मागे आणि कोपऱ्यात काचेच्या भिंती असतात. चेंडू आपल्या बाजूला एक टप्पा पडून मागच्या काचेवर आपटला, तरी मेलेला नसतो. काचेवरून परत येतो, आणि दुसरा टप्पा पडायच्या आत आपण तो मारू शकतो. सगळं कसब त्या परत येण्यात. कुठल्या उंचीवर येईल, किती लांब येईल, कोपऱ्यातल्या दोन काचांना लागून आला तर कुठल्या दिशेने वळेल. चेंडू काचेला लागायच्या आधी हे ओळखून पाय तिथे नेऊन ठेवायचे.

मला हे जमायचं नाही. बॅडमिंटनचं फूल जमिनीला लागलं की संपलं, ही शिकवण माझ्या हाडात. मी प्रत्येक चेंडू काचेला लागायच्या आधीच, वाकड्यातिकड्या अंगाने, कसाबसा उचलायचे. अर्धे जाळ्यात जायचे.

अक्काला पळता यायचं नाही. बेचाळिशीची, गुडघ्याने जरा कुरकुरणारी. त्यामुळे तिला थांबावंच लागायचं. आणि थांबल्यावर तिच्या लक्षात आलं, की चेंडू आपणहून तिच्याकडे येतो.

"केतकी, तुझ्या मागं भिंत हाय, हे तुला ठाऊक तरी हाय काय?"

"बॅडमिंटनमधे मागे भिंत नसते, अक्का."

"हिथं हाय की. फुकटची हाय. वापर."

"पण कळतच नाही कुठे येणार ते."

अक्काने आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "भिंत म्हणजे आत्याबाई समज. आपण बोललेलं परत येणारच. हळू बोललो तर तिथल्या तिथं पायात पडतंय. जोरात बोललो तर पार फाटकापर्यंत येतंय. सोळा वर्षं झाली मला या घरात. मला बरोब्बर कळतंय कुठवर येणार ते."

मी इतकी हसले, की अभय पलीकडून विचारायला आला. आम्ही काही सांगितलं नाही.

हसल्यावर बाकीचंही परत येऊ लागलं. सरावाहून आलो की अक्का मनूला वर घेऊन जायची, मी अंघोळ करेपर्यंत तिला मांडीवर घेऊन बसायची. दोघींचे नवरे हे बघत होते आणि काही बोलत नव्हते. विटा मात्र अंगणात तशाच होत्या. गवंडी सोमवारी येणार होता, सामने रविवारी.

शनिवारी संध्याकाळी आम्ही परत आलो तर बाळदादा जिन्याच्या पायरीवर बसून पेपर वाचत होते.

"काय म्हणतोय झारा?" त्यांनी अक्काला विचारलं. "पहिल्याच फेरीत आपटून या उद्या, म्हणजे दुपारचं जेवण तरी वेळेत मिळंल."

"आणि जिंकलो तर?"

"जिंकला तर मागशील ते."

"भिंत घालायची न्हाई," अक्का म्हणाली.

पेपर खाली आला. धैर्यशील खालच्या दारात मनूला घेऊन उभा होता, तोही जागच्या जागी थिजला.

"खेळाचं काय आणि भिंतीचं काय," बाळदादा म्हणाले.

"तुम्ही मागशील ते म्हटलाय. तालमीत वाढलेला माणूस शब्द फिरवतोय व्हय?"

बाळदादांनी घसा खाकरला. बायकोकडे बघत, पण भावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या एकट्याची भिंत न्हाई ती. त्याला विचार."

"मला चालेल," धैर्यशील विटांकडे बघून म्हणाला.

"आणि हरला तर?" बाळदादांनी विचारलं.

"हरलो तर गवंड्याच्या हाताखाली विटा मी देतो," अक्का म्हणाली, आणि पेपर ओलांडून वर निघून गेली.

रविवारी सगळे आले. बाळदादा आत्याबाईंना घेऊन आपल्या गाडीतून, आम्ही आमच्या. पहिले दोन सामने आम्ही कसे जिंकलो ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की समोरच्या बायका आमच्याइतक्याच नवख्या होत्या आणि अक्का काचेजवळ खांबासारखी उभी राहून येईल तो चेंडू उंच परत पाठवत होती. दोन सामन्यांच्या मधे मी क्लबच्या कार्यालयामागच्या खोलीत मनूला पाजायचे. अक्का दाराला पाठ लावून बाहेर उभी राहायची.

अंतिम सामना उन्हं कलल्यावर सुरू झाला. समोर ग्रीष्मा शहा आणि प्रणोती मगदूम, दोघी टेनिसच्या, विशीतल्या. सहा गेम जो आधी घेईल त्याचा कप. बघताबघता आम्ही चार एकने मागे पडलो.

अडचण अशी झाली, की चेंडू माझ्या डोक्यावरून मागे निघाला की अक्का ओरडायची, "जाऊ दे." म्हणजे मारू नको, काचेवर जाऊ दे. सरावात हे चालून गेलं होतं. इथे चेंडू जोरात यायचे आणि 'जाऊ दे' ऐकलं की माझा हातच खाली यायचा. जाऊ दे म्हणजे सोड, विसर, संपलं. आयुष्यभर त्या शब्दांचा तोच अर्थ अंगात मुरलेला. चेंडू काचेवरून परत यायचा तेव्हा मी नुसती बघत उभी. काचेपलीकडच्या पोरांनी तेवढ्यात ते उचललं. चेंडू माझ्याकडे आला, की सगळे सुरात, "जाऊ दे, जाऊ दे." एक जण म्हणाला, "जावा हायत बाबा, दुसरं काय म्हणणार."

बाजू बदलताना आम्ही पाणी प्यायला थांबलो. काचेच्या मागे, अगदी जवळ, आत्याबाई खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर मनू. त्यांचा चेहरा रागाने आवळलेला.

"सकाळधरनं ऐकतोय मी," त्या म्हणाल्या. "दोघी मिळून जाऊ दे, जाऊ दे कराल्यात. दारातनं पाय भाईर टाकताना बाईमाणसानं 'जातो' म्हणू ने, 'येतो' म्हणावं, एवढं शिकवलं न्हाई व्हय कुणी? जा जा म्हटल्यावर जाईल न्हाई तर काय हुईल?"

"आत्याबाई, बॉलला म्हणतोय आम्ही," अक्का म्हणाली.

"बॉलला म्हणा न्हाईतर बॉलच्या बापाला. येऊ दे म्हणा."

अक्काने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. तिने बाटलीचं झाकण लावलं. "म्हणून बघू," ती म्हणाली.

पुढचाच चेंडू माझ्या खांद्यावरून गेला. "येऊ दे," अक्का म्हणाली.

आणि मी वळले. एवढंच झालं. 'जाऊ दे' म्हटलं की माझी नजर चेंडूच्या पाठी जायची. 'येऊ दे' म्हटल्यावर ती काचेकडे लागली, दाराकडे लागावी तशी. पाय आपोआप दोन पावलं मागे सरकले. चेंडू काचेला लागला, मऊ होऊन माझ्या कमरेशी आला, आणि माझ्याकडे त्याला मारायला वेळच वेळ होता. वेळ असतो, हेच मला इतके दिवस कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं होतं, मला ऐकू आलं नव्हतं.

चार दोन. चार तीन. कोपऱ्यातले दोन काचांचे चेंडू अक्का घ्यायची, सरळ मागचे मी. ग्रीष्मा जोर वाढवत गेली आणि तिच्याच जोराने चेंडू आम्हाला सोपे होत गेले. मधेच मनू रडायला लागली. तिचा तो भुकेचा आवाज काचेतून आला आणि माझ्या छातीत पान्हा दाटून टीशर्ट ओला झाला. मी सर्व्हिस करायला उभी होते. चेंडू जाळ्यात गेला.

"तिला आत्याबाई बघतील," अक्का हळूच म्हणाली. "तू एवढा एक टाक. मग आपण दोघी बघू तिला." आणि स्वतःच्या गळ्यातली ओढणी काढून तिने माझ्या गळ्यात घातली, छातीवरून पसरली, मागे गाठ मारली. पोरं काहीतरी ओरडली. अक्काने फक्त एकदा त्यांच्याकडे बघितलं. नंतर ती ओरडली नाहीत.

पाच पाच झाले. शेवटच्या गेमआधी आम्ही घोटभर पाणी प्यायला बसलो. मला एकदम वाटलं, हे असं मनात ठेवून शेवटचा गेम खेळता येणार नाही.

"अक्का, एक सांगायचं राहिलंय. तुमचं नाव मी दिलं नव्हतं. अभयने..."

"ठाऊक हाय."

"काय ठाऊक आहे?"

अक्का गुडघा चोळत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याचा फोन आल्ता मला त्याच दिवशी. म्हणाला, केतकीवहिनी 'जाऊ दे' म्हणाल्या, समजूत घालता काय जरा, एक जोडी कमी पडालीया. मी म्हटलं, 'जाऊ दे' म्हणाली न्हवं ती? मग द्या की जाऊ. लिहा माझं नाव."

मी तिच्या पायातल्या बुटांकडे बघितलं.

"मनूला हातात घेऊन चार महिने झाले होते," ती म्हणाली. "खाली यायला मला काहीतरी निमित्त पाहिजे होतं, बाई. कुणी देईना. म्हटलं, ह्यो झारा तर झारा." मग ती उठली. "चल. विटा उचलायला कंबर न्हाई माझी."

चाळीस चाळीस झाले. तिथल्या नियमाने बरोबरी झाली की एकच गुण, जो घेईल त्याचा गेम. म्हणजे कप, आणि आमच्या दोघींच्या लेखी अख्खं अंगण.

अक्काने चेंडू उंच उडवला, पण तो मागे जायला हवा होता तितका गेला नाही. जाळ्यापाशीच लोंबकळला. ग्रीष्मा त्याच्याखाली येऊन उभी राहिली, रॅकेट मागे नेली, आणि मला कळलं की ती सगळा जीव लावून मारणार आहे.

जोरात बोललं तर पार फाटकापर्यंत येतं.

तिने मारला. चेंडू माझ्यासमोर टप्पा घेऊन डोक्यावरून मागच्या काचेकडे निघाला. सगळी पोरं आ करून मागच्या काचेकडे बघत होती. मी मागे गेले नाही. मी चेंडूकडे पाठ केली आणि पुढे, जाळ्याकडे पळत सुटले. बघणाऱ्यांना वाटलं, मी हात मिळवायला निघाले. ग्रीष्मालाही तेच वाटलं, कारण तिने रॅकेट खाली घेतली आणि प्रणोतीकडे बघून हसली.

"येऊ दे," मागून अक्काचा आवाज आला.

काच धडाडली. मी मागे बघितलं नाही. उन्हं त्या काचेच्या बाजूने होती, त्यामुळे आधी सावली आली, लिंबाएवढी, हिरव्या गालिच्यावरून माझ्या पायांच्या पुढे पळत. मग खांद्यावरून स्वतः चेंडू आला, दमलेला, खाली उतरत. मी रॅकेट नुसती पुढे धरली. मारलं काहीच नाही. चेंडू तिला टेकला, जाळ्यावरून पलीकडे गेला, त्या दोघींच्या मधे पडला, पुन्हा पडला, आणि घरंगळत थांबला.

मग अभय म्हणाला, "गेम, चौगुले," आणि काचा बडवल्याचा असा आवाज सुरू झाला, की मनू रडायची थांबली.

मी वळले तर अक्का पळत येत होती. कधीच न पळणारी माझी जाऊ, कापसाचे बोळे घातलेल्या नवऱ्याच्या बुटांत, हातातला झारा वर धरून पळत येत होती. आम्ही एकमेकींना धडकलो आणि तशाच धरून उभ्या राहिलो. तिच्या अंगाला घामाचा आणि सकाळच्या फोडणीचा वास येत होता. ती हसत होती का रडत होती, मला अजूनही सांगता येणार नाही. मी दोन्ही करत होते.

मनू आता पहिलीत आहे. ती शाळेत असते तेवढ्या वेळात हे लिहायला घेतलं, आणि त्या संध्याकाळचं पुढचं लिहिताना अजून हात थांबतो.

बक्षीस घेऊन आम्ही बाहेर आलो. मनू अक्काच्या कडेवर, कप आत्याबाईंच्या हातात. त्या कपात डोकावून आत काही आहे का बघत होत्या. दोघे भाऊ गाड्यांपाशी उभे होते, पण मधे दोन गाड्यांची जागा सोडून. धैर्यशील किल्ली बोटात फिरवत होता. बाळदादा चपलेने खडी उकरत होते.

मग बाळदादांनीच तोंड उघडलं. नजर खडीवरच.

"धैर्या."

"हं."

"ती पळाली पुढं, तेव्हा तुला कळलं होतं?"

"नाही," धैर्यशील म्हणाला. "मला वाटलं, सोडलं तिने."

"मलाबी."

मग बाळदादा चालत आले आणि आमच्या गाडीचं पुढचं दार उघडून आत बसले. आत्याबाई काही न विचारता मागे शिरल्या. त्यांच्या पाठोपाठ अक्का मनूला घेऊन, मग मी. कप ठेवायला जागा उरली नाही, तो बाळदादांनी मांडीवर घेतला.

फाटकावरचा रखवालदार खिडकीशी आला. "साहेब, तुमची गाडी राहिली."

बाळदादांनी काच खाली केली. "राहू दे," ते म्हणाले.